गवताची भाऊबंदकी

जूनचा पहिला आठवडा सरला की टिळकवाडीत सकाळच्या वेळी एक ठरावीक आवाज यायला लागतो. खर्रर्र. मग शांतता. परत खर्रर्र. परत शांतता. पाठोपाठ एखादा खास बेळगावी शब्द, जो इथं छापता येणार नाही. नवख्याला वाटतं, कुणीतरी ओलं लाकूड कापतंय. गल्लीतल्या माणसाला मात्र बरोबर कळतं, की कोपऱ्यावरच्या सरांनी पेट्रोलवरचं गवत कापायचं मशीन जिन्याखालून बाहेर काढलंय आणि ते चालू होत नाहीय.

या मशीनचं वेळापत्रक मोठं चोख असतं. पाऊस लागला की चार महिने गवत वाढतं आणि ते चार महिने मशीन दुरुस्तीला असतं. दसऱ्याच्या तोंडावर ते ठणठणीत होऊन घरी येतं, तेव्हा हिरवळीचं खराट्याच्या काड्यांत रूपांतर झालेलं असतं. हलग्याजवळ हायवेला लागून आमची सुवर्ण विधानसौध उभी आहे. २०१२ मध्ये उद्घाटन झालेली ती एवढी थोरली इमारत हिवाळी अधिवेशनाला दहाएक दिवस गजबजते आणि उरलेलं वर्ष तिच्यापुढची हिरवळ वाढत राहते. बेळगावच्या माणसाला त्यामुळं जिन्याखालच्या मशीनचं फारसं काही वाटत नाही.

बरं, हिरवळी इथं आहेत कुणाच्या? पहिल्या लष्कराच्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातली मैदानं बघावीत, गवताचं एक पातं दुसऱ्याच्या पुढं डोकं काढत नाही. तिथली मशीनं सुरू होतात, कारण न झाली तर जाब विचारायला वरती कुणीतरी असतं. दुसऱ्या, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या; तिथं गवतापेक्षा बंगल्याचे वारस जास्त वाढलेत. आणि तिसऱ्या आमच्या. दोन चादरी अंथरल्या तर झाकून जाईल एवढी जागा, कडेला जास्वंद, मधोमध नारळ.

या तिसऱ्या वर्गात मशीन शिरलं ते अमेरिकेहून. मुलाकडं सहा महिने राहून आलेला बेळगावकर तिकडून दोन गोष्टी घेऊन येतो: गुडघ्याला लावायचा पट्टा आणि हिरवळीचं वेड. न्यू जर्सीत त्यानं रोज सकाळी खिडकीतून बघितलेलं असतं, की शेजारचा गोरा बाहेर येतो, एकदा दोरी ओढतो, मशीन भर्रकन सुरू होतं आणि तो त्याच्या मागनं ढकलत चालायला लागतो. एकदाच! हे दृश्य आमच्या काकांच्या मनावर कोरलं जातं. परत आल्यावर काकूंच्या विरोधाला न जुमानता ते मशीन घेतात. किंमत काकूंना अर्धीच सांगतात.

त्याआधी आमच्या बोळातलं गवत एक गवळीण मावशी कापून न्यायच्या. विळा त्यांचा, कष्ट त्यांचे, भारा त्यांचा. आपण फक्त फाटक उघडायचं. वर कधीतरी खरवस यायचा. म्हशीला दोरी ओढून सुरू करावं लागत नाही आणि तिच्या कार्बोरेटरमध्ये कचरा अडकत नाही. मशीन आल्यावर मावशी एकदा चुऱ्याचं पोतं घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवलं. म्हणाल्या, "तोंड लावंना ओ. रॉकेल सांडल्यागत वास येतोय." त्यांचं बरोबर होतं. असल्या ओल्या चुऱ्याचा ढीग करून ठेवला तर दुपारपर्यंत आतून गरम होतो, संध्याकाळी आंबतो. तेव्हापासून खरवस बंद झाला. या मशीनचा खरा खर्च मोजायचा तर इथून मोजावा.

तसं बघायला गेलं तर गवत कापायच्या यंत्राशी बेळगावचे जुने लागेबांधे आहेत. इंग्लंडात स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं १८३० मध्ये हिरवळ कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारी फिरती पाती त्यानं गिरणीत बघितली होती. तीच जमिनीवरून फिरवली तर काय होईल, असा विचार त्याच्या डोक्यात आला. लोकांनी वेड्यात काढू नये म्हणून तो ते रात्रीचं चालवून बघायचा, असं सांगतात. आमच्याकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी दिवसाढवळ्या काम केलं. गुर्लहोसूरचा हा माणूस. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि मग स्वतः यंत्रं बनवायला घेतली. पहिलं यंत्र कुठलं? कडबा कापायचं. लोखंडी नांगर त्याच्यानंतरचा. पुढं नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी झाली, कारखान्याला गाशा गुंडाळायला लागला आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इकडं जी वसाहत झाली ती ठळकवाडी, म्हणजे आजची टिळकवाडी. ज्या वसाहतीपायी आम्ही वैरण कापायचं यंत्र करणाऱ्याला वाटेला लावलं, त्याच वसाहतीत आता जूनमध्ये खर्रर्र ऐकू येतं. योगायोगच असेल. पण असा योगायोग पुण्यात झाला असता तर त्यावर व्याख्यानमाला निघाली असती.

दोरी ओढायला लागलं की माणसं जमतात. पहिला येणारा फाटकाबाहेरूनच विचारतो, "पेट्रोल हाय न्हवं?" या प्रश्नाचा राग यायचं कारण नाही, कारण कधीकधी नसतं. दुसरा आत येतो आणि "प्लग बघितलासा?" म्हणतो. तिसरा काही विचारत नाही. हातातली दुधाची पिशवी कट्ट्यावर ठेवतो, आपल्याला बाजूला सारतो आणि स्वतः दोरी ओढतो. मशीन चालू होत नाही. "तसंच हाय," असं म्हणून तो पिशवी उचलून जातो. त्याला तेवढंच बघायचं होतं.

एव्हाना चोक ओढून ओढून सिलिंडरमध्ये पेट्रोलच पेट्रोल झालेलं असतं आणि प्लग ओला चिंब. त्यावर चौथा माणूस शास्त्रशुद्ध उपाय सांगतो: "ओव्हरफ्लो झालंय. जरा थांबा. चहा घेऊ या." थट्टा वाटेल, पण कंपनीच्या माहितीपुस्तकात यापेक्षा वेगळं काही नसतं. चोक उघडा ठेवून थोडा वेळ थांबलं की जादाचं पेट्रोल उडून जातं. फक्त पुस्तकात चहाचा उल्लेख नसतो, ही त्या पुस्तकातली उणीव.

चहानंतर मशीन एकदा फुर्र करतं, सगळ्यांचे चेहरे उजळतात, आणि ते बंद पडतं. मग मिस्त्रींकडं न्यायचं ठरतं.

बेळगावात हिरवळीच्या मशीनचा असा खास मेकॅनिक मिळत नाही. लूनाचा मिळतो, फवारणी पंपाचा मिळतो, मोटर वाइंडिंगवाला मिळतो. उद्यमबागेत तर क्रँकशाफ्ट तासून देणारी, ओतीव काम करणारी वर्कशॉपं ओळीनं आहेत. या मशीनला स्वतःचं कुणी नसल्यामुळं ते सगळ्यांचं होतं. आमचे मिस्त्री मूळचे लूना-चेतकवाले. रेल्वेच्या तिसऱ्या गेटाच्या अलीकडं त्यांचं पत्र्याचं दुकान. दुकानावर पाटी नाही, कारण पाटी असलेल्या दुकानात गिऱ्हाईक बिल मागतं.

"काय ओ सर, परत आणलासा?" ते विचारतात. पाच सर आले तरी पाचांनाही 'परत'च. मग मशीन न बघताच सांगतात, "ठेवून जावा. सोमवारी या." सोमवार कुठला, ते सांगत नाहीत. सीमाभागातल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आमचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

एखाद्या सोमवारी मात्र मिस्त्री खरंच मशीन उघडतात, आणि तो सोहळा स्टुलावर बसून बघण्याजोगा असतो. आधी ते प्लगची टोपी काढतात. गुंतागुंतीच्या यंत्रासमोर ते एरवी काहीच पाळत नाहीत, पण हे पाळतात, कारण टोपी लावलेली असताना पातं हातानं फिरवलं तर इंजिन धरायचा संभव असतो आणि मिस्त्रींच्या गुरूंची दोन बोटं तेवढ्यानं गेली. मग प्लग. इलेक्ट्रोडमधली फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास हवी. ती मोजायला गेज मिळतो. मिस्त्री हॅक्सॉचं जुनं पातं आत सरकवून बघतात आणि मान हलवतात. प्लग ठोकून, पॉलिश पेपर मारून, फुंकर घालून परत. करंट येतोय. म्हणजे भानगड पेट्रोलात.

आता कार्बोरेटर. खालची वाटी एका बोल्टावर असते, दहाच्या पान्यानं सुटते. मिस्त्रींनी ती सोडवली आणि माझ्यापुढं धरली. आत ऑक्टोबरचं पेट्रोल होतं, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते: तळाला गढूळ पाण्याचा थेंब, कडेनं चिकट पिवळा थर आणि पितळी जेटवर हिरवट-पांढरी भुकटी. जेटचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक. मिस्त्रींनी ते उजेडाकडं धरलं. पलीकडचं काही दिसेना. जुन्या क्लच केबलची एकच बारीक तार काढून त्यांनी ती भोकातून ओवली, पेट्रोलात बुचकळली, परत ओवली. मग उजेड दिसला. "हे बगा," म्हणाले, "हे तुमचं साखर कारखान्याचं उपकार."

आधी मला कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं आणि मी स्टुलावरून पडायचा राहिलो.

गोष्ट अशी. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्या-तांदळापासून होतं. आमच्याकडं अर्थातच उसाचा मान. चिकोडी, निपाणी, गोकाक, अथणी, जिकडं बघावं तिकडं ऊस. कर्नाटकातले सगळ्यात जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात. इथेनॉलचा स्वभाव असा, की ते हवेतली ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळी चूल मांडतात आणि तळाला जाऊन बसतात. कार्बोरेटर पितो ते नेमकं तळाकडूनच. रोज पळणाऱ्या मोटरसायकलीला याचा पत्ता लागत नाही, टाकी रिकामी होते, नवीन भरते. पण आठ महिने जिन्याखाली बसलेल्या मशीनच्या पोटात ही वाटणी शांतपणे पुरी होते. पेट्रोल उडून जातं, चिकटा उरतो, पितळ-ॲल्युमिनियमला गंज चढतो.

आणि ऊस म्हणजे काय? वनस्पतीशास्त्रात विचारा, ते सांगतील: गवत. हरळी, कडबा, बांबू, ऊस, सगळी एका कुळातली. थोरल्या पातीचा ऊस कारखान्याला गेला, श्रीमंत झाला, टाकीत येऊन बसला. धाकट्या पातीची हरळी आमच्या दारात राहिली. एरवी भाऊबंदांचं पटत नाही, पण बाहेरचा कुणी धाकट्यावर पातं चालवायला आला की थोरला आतून खोडा घालतो. हिरवळीचं मशीन बंद का पडतं, याचं इतकं समाधानकारक उत्तर मला कुठल्याही माहितीपुस्तकात मिळालेलं नाही. कोगनोळी-निपाणीकडच्या पंपांवर कोल्हापूरच्या गाड्या थांबतात, कारण हद्दीच्या दोन्हीकडचे भाव वेगळे. इथेनॉल मात्र दोन्हीकडं तेवढंच. सीमाभागात एकमत झालेली ही एकमेव बाब असावी.

कार्बोरेटर साफ झाला की मशीन चालू होतं आणि मग खरी दुरुस्ती सुरू होते. आमची माती तांबडी, आणि तिच्यात जांभ्याचे खडे. गवतात लपलेला एखादा खडा पात्याला लागला की ठाण्णकन आवाज होतो. एकोणीस इंची पातं मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी २७० किलोमीटरच्या आसपास फिरतं, ही गोष्ट अनवाणी, लुंगी लावून मशीन ढकलणाऱ्या माणसाला सांगितली तर तो "होय काय?" म्हणतो आणि लुंगी जरा वर खोचतो. खडा लागून पातं एकदम अडलं की क्रँकशाफ्ट थांबते, पण वरचं जड फ्लायव्हील फिरायच्या जोरात असतं. दोघांच्या मधे एक बोटाच्या पेराएवढी मऊ धातूची चावी बसवलेली असते. ती मुद्दामच कमजोर करतात. ती तुटते किंवा दबते, फ्लायव्हील जरासं सरकतं, ठिणगी चुकीच्या वेळी पडायला लागते आणि दोरी ओढली की ती हात परत आत खेचते. दोनपाच रुपयांच्या धातूनं हजारोंची क्रँकशाफ्ट वाचवलेली असते.

हे सगळं मिस्त्रींना ठाऊक आहे. पण क्रँकशाफ्टच्या गावात वाढलेल्या माणसाला तुटणारी वस्तू बनवणं हा अपमान वाटतो. त्यांनी दबलेली चावी तळहातावर घेतली, नखानं खरवडली, "ॲल्मिनिअम!" असं म्हणून तोंड वाकडं केलं आणि पोऱ्याला उद्यमबागेत पिटाळलं. पोऱ्या संध्याकाळी पोलादाची चावी तासून घेऊन आला. अशी सुबक, की जपान्यानं हातात घेऊन बघत बसावं. "आता जन्मात तुटणार नाही," मिस्त्री म्हणाले. खरंच तुटली नाही. पुढच्या खड्याला क्रँकशाफ्ट वाकली. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. क्रँकशाफ्ट सरळ करणारा तिसऱ्या गेटाच्या पलीकडं बसतो.

मशीनच्या दांड्याला एक आडवी कांब असते. ती मुठीत धरून ठेवली तरच पातं फिरतं; सोडली की बंद. अमेरिकेत १९८२ पासून कायदाच आहे, की कांब सोडल्यावर तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. आमच्याकडं ही कांब सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं दांड्याला कायमची बांधलेली असते. विचारलं तर उत्तर मिळतं, "सारखं धरून हात दुखतोय की ओ."

निपाणीत परिस्थिती जरा वेगळी. तिथल्या माणसाला दोन उद्यमनगरं. सुटा भाग हवा असेल तर तो आधी कोल्हापूरला जातो, चाळीसेक किलोमीटर. मिळाला नाही तर बेळगावची वाट धरतो. आमच्या दाजींचं घर तिथं हायवेला लागून. पुढं हिरवळ, मागं तंबाखू, बाजूला ऊस. दाजींकडं त्यामुळं दोन यंत्रं: हिरवळीसाठी ढकलायचं, बांधावरच्या गवतासाठी खांद्याला अडकवायचं. ढकलायच्याला साधं पेट्रोल आणि इंजिनात वेगळं ऑइल. खांद्यावरच्याला पेट्रोलातच ऑइल मिसळायचं, लिटरला चाळीस मिली. दोन कॅन, दोन्ही पांढरे, दोन्ही एका तेलाच्या कंपनीचे.

पुढचं सांगायला नको. मिश्रण हिरवळीच्या मशीनमध्ये गेलं तेव्हा धुराशिवाय काही झालं नाही. शेजारच्यांना डासांची फवारणी वाटली. साधं पेट्रोल खांद्यावरच्यात गेलं तेव्हा मात्र पिस्टन पकडलं. दाजींनी गड्याला विचारलं, गड्यानं दाजींच्या पोराला दाखवलं, पोरानं आईकडं बोट केलं, आणि आमची ताई म्हणाली, "मी म्हटलंच हुतं, खुरपं बरं." आता एका कॅनला लाल रिबीन बांधली आहे. कुठल्या कॅनला बांधायची यावर घरात दोन मतं आहेत.

या यंत्राची वर्षातून एकदा हमखास निगा राखली जाते ती खंडेनवमीला. आमच्याकडं आयुधपूजा म्हणजे केवढं प्रस्थ! उद्यमबागेत त्या दिवशी लेथ धुतात, प्रेसला झेंडूच्या माळा घालतात, दारात कोहळा फोडतात. घरोघरी मोटरसायकलीच्या चाकाखाली लिंबू. मशीनलाही जिन्याखालून काढून नळीनं धुतात, तेव्हा निम्मं पाणी एअर फिल्टरमध्ये जातं. पात्याला हळदकुंकू लावायचं म्हणून ते आडवं करतात, हमखास उलट्या बाजूला. एअर फिल्टर वरती राहील असं कलवायचं असतं. खाली राहिला की इंजिनातलं ऑइल त्यात उतरतं आणि पुढच्या जूनमध्ये पांढऱ्या धुराचा लोट उठतो. सगळं झालं की नमस्कार करून टाकीतल्या पेट्रोलसकट ते परत जिन्याखाली.

गंमत अशी, की माहितीपुस्तक जे करायला सांगतं त्याची वेळ बरोबर हीच. पाऊस सरला, गवत थांबलं, टाकी रिकामी करा, वाटीचा बोल्ट सैल करून उरलेलं पेट्रोल गाळून घ्या, ऑइल बदला, प्लगच्या भोकातून ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी हलकेच ओढून जिथं जड लागेल तिथं ठेवा. म्हणजे वाटीत चिकटा धरायला काही उरतच नाही आणि थोरल्या पातीला खोडा घालायला जागाच राहत नाही. पूजेच्या विधीत एवढं घुसडलं तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. कोहळा फोडण्याआधी, आरतीनंतर. मी हे मिस्त्रींना सुचवलं. वाटलं होतं, धंद्यावर पाय येतो म्हणून ते नाराज होतील.

मिस्त्री खूश झाले. गेल्या खंडेनवमीला सकाळपासून ते पान्यांचा डबा आणि पाच लिटरचा कॅन घेऊन टिळकवाडीत घरोघर फिरले. वाटी सोडवली, पेट्रोल काढलं, बोल्ट आवळला, प्रसाद घेतला, पुढचं घर. मजुरीचे पैसे घ्यायला काही केल्या तयार होईनात. "सणासुदीचं कसलं पैसं ओ," म्हणत होते. त्यांच्याकडं जुनी एम-एटी गाडी आहे. दिवाळीपर्यंत ती पंपावर दिसली नाही.